आईला वर्गात बोलावलं, पण बसवायचं कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे. बालवाडीत साडेतीन ते पाच वर्षांची २४ मुलं, तुम्ही एकट्या ताई आणि जोडीला एक मदतनीस. संस्थेनं सांगितलंय की दर आठवड्याला एका पालकाला वर्गात बोलवा. दोनदा बोलावून झालं. पहिल्या आईला तिच्या लेकीनं तासभर सोडलंच नाही आणि आई मधेच निघाल्यावर निम्मा वर्ग रडायला लागला. दुसऱ्या आईनं सगळ्यांना ओळीत बसवून एबीसीडी म्हणून घेतली आणि एका मुलाला दटावलं. बाकीचे पालक रोजंदारीवर जाणारे, ते येतच नाहीत. म्हणून तुम्ही विचारताय की यात काही अर्थ आहे, की हे फक्त अहवालात लिहिण्यापुरतं?

अर्थ आहे, आणि बराच आहे. पण माझ्या मते तुमची खरी अडचण ‘पालक येत नाहीत’ ही नाही. जे दोघे आले त्यांना वर्गात काम नव्हतं. काम नसलेलं मोठं माणूस लहान मुलांच्या खोलीत दोनच गोष्टी करू शकतं. एक तर आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसतं, नाही तर स्वतःच्या लहानपणी पाहिलेल्या मास्तरांसारखं वागायला लागतं. तुमच्याकडे दोन्ही झालं. त्या दोघींचा यात दोष नाही.

म्हणून पहिली गोष्ट काम ठरवण्याची. ते काम घरचं हवं, म्हणजे आलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं येणारं. ते हातानं करायचं हवं, पंधरा मिनिटांत संपणारं हवं आणि त्याचा शेवट मुलांना डोळ्यांनी दिसायला हवा. गोष्ट सांगणं किंवा गाणं घेणं हे पहिल्या भेटीला देऊ नका. चोवीस तोंडं आपल्याकडे वळली की सवय नसलेला माणूस लाजतो, आणि लाजलेला माणूस आवाज चढवतो. हातात काम असलं की नजर कामावर राहते आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

सुरुवातीला मी मेथी निवडण्याचं काम सुचवते. जवळजवळ वर्षभर मिळते, महाग नाही, आणि नाकात-तोंडात अडकण्यासारखं त्यात काही नाही. सहा मुलांच्या एका गटाला एक मध्यम जुडी पंधरा मिनिटं पुरते. जुडी आदल्या दिवशी धुऊन निथळून ठेवा, कारण चिखल असला की मुलं पानं सोडून मातीतच रमतात. चटईवर जुनं वर्तमानपत्र पसरा, मधे एक परात, प्रत्येकासमोर एक वाटी. पानं वाटीत, देठं कागदावर. वाटी भरली की परातीत ओतायची. हमखास बिघडतं ते एकाच ठिकाणी: आईचा हात सवयीचा असतो आणि ती दोन मिनिटांत अर्धी जुडी संपवते. मुलं नुसती बघत बसतात. तिला आधीच सांगा, “एक काडी तुमची, मग सगळ्यांची एकेक होईपर्यंत थांबायचं.” निवडलेली भाजी पुढे कुठे जाणार हेही ठरवून ठेवा. खिचडीत टाका, थालीपिठात घाला, पण टाकून देऊ नका. आपण निवडलेलं कचऱ्यात गेलेलं मुलांच्या लक्षात राहतं.

मटाराच्या दिवसांत शेंगा सोलणं छान होतं. सहा मुलांना अर्धा किलो पुरे, म्हणजे प्रत्येकाला दहा-बारा शेंगा येतात. मात्र कच्चा मटार घशात अडकू शकतो आणि नाकातही जातो. त्यामुळे ‘दाणा वाटीत, तोंडात नाही’ हे मुलांना आणि आईलाही सुरू करण्याआधी सांगायचं. बहुतेक आया प्रेमानं “खा रे एक” म्हणतातच. तीन वर्षांखालची मुलं गटात असतील तर मटार नकोच. भुईमुगाच्या शेंगांना मी या वयात हात लावत नाही. पावसाळ्यात मक्याची कणसं सोलायला द्या. पानं ओढून काढणं, केस वेगळे करणं यात मनगट आणि दोन्ही हात लागतात, आणि वास, ओलसरपणा, रंग यावर मुलं आपणहून बोलतात.

कणीक मळणंही चांगलं आहे. सहा मुलांसाठी दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतलं की सगळं हाताला चिकटतं, म्हणून मुलांना चमच्यानं घालू द्या आणि मूठभर कोरडी कणीक बाजूला ठेवा. ही खेळायची कणीक आहे, खायची नाही. इतकं मीठ पोटात जाता कामा नये. काही घरांत अन्नाशी खेळणं पटत नाही, आणि त्या भावनेला मान द्यायला हवा. तिथे शाडूची माती घ्या, नाहीतर सरळ खाण्याचीच कणीक भिजवून आईकडून छोट्या पुऱ्या लाटून घ्या. तळणं मात्र वर्गाबाहेर, मुलांपासून लांब.

आता वेळेबद्दल. तुमची शाळा नऊ ते बारा आहे असं धरते. पालकाला सव्वाअकराला बोलवा आणि तो बाराला आपल्या मुलाला घेऊनच घरी जाईल असं ठेवा. तुमच्याकडे झालेल्या रडारडीचं कारण इथेच आहे. मधेच आई निघाली की त्या मुलीला एकाच दिवसात दोनदा निरोप द्यावा लागतो, आणि दुसऱ्या निरोपाची तिची तयारी नसते. जाणारी आई बघून बाकीच्यांना आपापली आई आठवते. भेट शेवटी ठेवली तर निरोपच उरत नाही.

मुलगी चिकटली म्हणजे लाडावली, असं समजू नका. चार वर्षांच्या मुलाच्या मनात आई घरची आणि ताई शाळेची अशी वाटणी झालेली असते. दोघी एका खोलीत दिसल्या की आपण आता कसं वागायचं हेच त्याला कळत नाही. शिवाय आई दुसऱ्या मुलांशी गोड बोलते हे पचवायला जड जातं. मुलीला आदल्या दिवशी आणि सकाळी पुन्हा सांगा की आज आई मेथी घेऊन येणार आहे. तिला एक मानाचं काम द्या: दारातून आईला चटईपर्यंत आणायचं, वाट्या मांडायच्या. पहिल्या गटात तिला आईशेजारी बसवा आणि दुसरा गट आला तरी तिथेच बसायचं असेल तर बसू द्या. ओढून काढायला गेलात की घट्ट धरणार. बहुतेक मुलं दुसऱ्या गटाच्या मध्यावर स्वतःच उठून खेळायला जातात. न उठलं तरी बिघडत नाही, पाऊण तासाचाच प्रश्न आहे.

एक पथ्य पाळा. जूनमध्ये नव्यानं आलेल्या मुलांच्या पालकांना गणपती होईपर्यंत यासाठी बोलावू नका. मूल अजून शाळेला रुळत असताना ही गुंतागुंत नको.

चोवीस मुलांची वाटणी अशी करता येईल. सहा-सहाचे चार गट, प्रत्येकाला एक चित्र: आंबा, मासा, छत्री, पतंग. पालकाच्या चटईवर एका वेळी एकच गट. मदतनीसताईंकडे ठोकळे किंवा मणी घेऊन दुसरा गट. उरलेली बारा मुलं तुमच्या नजरेखाली भातुकलीत, चित्रांत, पुस्तकांत. तुम्ही अशा जागी बसा की पालकाची चटई सतत समोर दिसेल, तिकडे पाठ करायची नाही. एका भेटीत दोनच गट होतात. उरलेल्या दोन गटांना ‘पुढच्या आठवड्यात’ असं सांगू नका. या वयाला ‘उद्या’ कळतं, पुढचा आठवडा कळत नाही. दुसऱ्या दिवशी तेच काम, त्याच वाट्या घेऊन मदतनीसताई करतील आणि काल कोण आलं होतं तेही सांगतील. भिंतीवर चार चित्रं लावून झालेल्या गटासमोर ठिपका द्या, म्हणजे ‘माझा नंबर कधी’ हे मूल स्वतः पाहून येतं.

आता एबीसीडी घेणाऱ्या आईबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिच्या समजुतीनं शाळा म्हणजे तेच, आणि तिनं आपल्याकडचं चांगलं ते दिलं. तिला ‘आमच्याकडे असं शिकवत नाहीत’ एवढंच सांगून पाठवलं तर ती परत येणार नाही, आणि घरी मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानं गिरवून घेणं दुप्पट होईल. तिची काळजी खरी आहे: पहिलीत आपलं मूल मागे पडू नये. त्या काळजीला उत्तर द्या, आणि ते तोंडानं न देता चटईवर द्या. मेथीची पानं खुडताना मुलाची बोटं तिला बघायला सांगा. अंगठा आणि पहिली दोन बोटं जवळ येतात, तीच चिमूट पुढे पेन्सिल धरते. कुणाची चिमूट घट्ट आहे, कोण अजून अख्ख्या मुठीनं ओढतंय, कोण दुसऱ्या हातानं काडी धरून ठेवतं, हे तिला पाच मिनिटांत दिसेल. मग सांगा की मनगटातली हाडं जन्मतः कूर्चेची असतात, मऊ, आणि ती एकेक करून वर्षानुवर्षांत पक्की होत जातात. साडेतीन वर्षांच्या हाताला पानभर लिहायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, हात दुखतो, आणि लिहिण्याचाच कंटाळा येतो. लागलेली चुकीची पकड मोडायला नंतर फार वेळ जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळावर भर दिलाय, हे सांगायला हरकत नाही. पण धोरणाचं नाव घेऊन पालकाला फारसं पटत नाही. स्वतःच्या मुलाची चिमूट पाहिली की पटतं.

दटावण्याचं काय करायचं? त्या क्षणी पालकाला सगळ्यांसमोर टोकू नका. उठून त्या मुलाजवळ जा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि आईला ऐकू जाईल अशा साध्या आवाजात काय करायचं ते मुलाला सांगा: “काडी अशी धर, मग पान निघेल.” तिला नमुना मिळतो, मुलाला आधार मिळतो. घरी निघताना दोघींनीच बोला. “मारीन हं” सारखं काही निघालं किंवा हात उचलला गेला, तर मात्र भेट तिथेच गोड शब्दांत आटोपती घ्या. वर्गात कुणी मुलाला धाकात ठेवणार नाही, हा शब्द तुम्ही सगळ्या मुलांना दिलेला आहे.

आदल्या दिवशी मूल न्यायला आल्यावर पाच मिनिटं उभ्या उभ्या बोललं की पुरतं. चिठ्ठी पाठवू नका. वाचता न येणाऱ्यांना ती ओशाळवाणी वाटते आणि वाचता येणारे वाचत नाहीत. काम काय आहे, किती वेळ आहे, आणि तीन गोष्टी सांगा. फोन पिशवीत ठेवायचा, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कुणाला शू-शीला न्यायचं असेल तर मदतनीसताईंना हाक मारायची, स्वतः न्यायचं नाही. आणि वर्गात दुसऱ्या मुलाबद्दल जे दिसलं ते गल्लीत बोलायचं नाही. तिसऱ्या गोष्टीचं कारण सांगा: ‘तुमच्या मुलाबद्दलही कुणी बोलणार नाही.’ लगेच पटतं.

सामान नेहमी वर्गाच्या खर्चातून आणा. पालकाला जुडी आणायला सांगितली की ज्याला परवडत नाही तो येणं टाळतो, आणि ज्याला परवडतं तो चार जुड्या आणतो. घरून शिजवलेलं आणायला तर सांगूच नका. कुणाच्या घरचं कोण खातं, कोण नाकारतं, हे जातीपातीचं आणि सोवळ्याओवळ्याचं सगळं ओझं डब्यासोबत वर्गात येतं आणि ते मुलांसमोर उघडं पडतं. कच्ची भाजी सगळ्यांची असते.

रोजंदारीवरच्या पालकांबद्दल. ज्याचा दिवस बुडाला तर चूल अडते त्याला वर्गात बोलावणं मला योग्य वाटत नाही. न आलेला पालक उदासीन असतो हा समज आधी मनातून काढा. प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा: कामाला कधी जाता, सुट्टी कोणत्या वारी असते, घरी दिवसा कोण असतं. कारखान्यात काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारी नसते, काही भागांत ती गुरुवारी असते, म्हणजे शाळा चालू असताना. भाजी विकणाऱ्यांचा बाजाराचा वार सोडून दुपार मोकळी मिळू शकते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यामुळे त्यांच्यासाठी गणपती ते दसरा एवढाच काळ हातात असतो. दिवसा घरी आजी किंवा आजोबा असतील तर त्यांनाच बोलवा. मोठ्या बहिणीला तिची शाळा बुडवून मात्र बोलावू नका.

बाबांना विसरू नका. रिक्षा चालवणारे बाबा रिक्षा फाटकाशी लावून दहा मिनिटं थांबले तरी मुलं चाकं मोजतात, हॉर्न वाजवतात, मागच्या सीटवर किती जण मावतात ते बसून पाहतात. इंजिन बंद आणि चावी बाबांच्या खिशात, एवढं पाहा. गवंडीकाम करणारे बाबा ओळंबा आणि थापी आणतील. चार-पाच इंच उंचीची, विटांच्या तुकड्यांची आणि मातीच्या गाऱ्याची भिंत सहा मुलं मिळून उभी करतात. सिमेंट नको, त्यानं कातडी सोलते. शिंपीकाम करणारी आई टेपनं प्रत्येकाची उंची मोजेल आणि तेवढी चिंधी कापून हातात देईल. मग मुलं आपापल्या चिंध्या शेजारी शेजारी ठेवून लांब-आखूड स्वतःच ठरवतात. शिवाय ज्या कामाला मोठी माणसं फारशी किंमत देत नाहीत, ते करणाऱ्या बाबांकडे आज सगळा वर्ग डोळे विस्फारून बघतोय, हे त्या मुलाला दिसतं. त्याचं मोल मला फार वाटतं.

कुणालाच येणं जमत नसेल तर तुम्ही जा. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दात ते अंगण आजही आहे. तुम्हाला रोज जायचं नाही. महिन्यातून एक संध्याकाळ, सहा ते सात, वस्तीवर एका ओट्यावर चटई टाका आणि वर्गातलंच एक काम तिथे करा. चार-पाच मुलं असतील तरी आसपासच्या आया उभ्या राहून बघतात. हजेरीची वही तिथे नेऊ नका, लगेच ते सरकारी काम वाटतं.

भाषेबद्दल एक नक्की करा. तुमच्या २४ मुलांत घरी अहिराणी, गोरमाटी, पावरी, कन्नड, हिंदी बोलणारी असतील. अशा घरातल्या आईला फोनवर दोन मिनिटं तिच्या बोलीत रेकॉर्ड करून पाठवायला सांगा: एक ते दहा अंक, अंगाई, किंवा पाच भाज्यांची नावं. कामावरून परतल्यावर रात्री नऊला पाठवलं तरी चालतं. सकाळी गोलात ते ऐकवा. वर्गात महिनोन्‌महिने तोंड न उघडणारं मूल आपल्या आईचा आवाज आणि आपली भाषा ऐकून बोलायला लागणं अगदी शक्य आहे. लागलंच नाही तरी बाकीच्या तेवीस जणांना कळतं की त्याला काहीतरी येतं जे आपल्याला येत नाही. आवाज दुसऱ्या गटांत पुढे पाठवायचा नाही, ऐकवून झाला की संपला.

आणि रोज फाटकाशी एक वाक्य. ‘छान होती आज’ याचा पालकाला काही उपयोग नाही. ‘आज तिनं पाण्याचा तांब्या न सांडता खिडकीपर्यंत नेला’ यात घरी विचारण्यासारखं काहीतरी आहे. २४ जणांना रोज जमणार नाही. रोज पाच जणांना म्हटलं तर आठवड्यात सगळे होतात. तक्रार असेल तर ती फाटकावर, मुलासमोर कधीच नाही.

राहिला संस्थेचा अहवाल. त्यासाठी वहीत एका भेटीला एक ओळ पुरे: तारीख, कोण आलं, काय केलं, कोणते दोन गट झाले, एका मुलाबद्दल दिसलेली एक गोष्ट. शेवटचा रकाना ‘पुढच्या वेळी काय बदलायचं’ असा ठेवा आणि तो मदतनीसताईंना भरायला सांगा. चटईजवळून येता-जाता त्यांना जे दिसतं ते तुम्हाला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसत नाही. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याऐवजी पंधरवड्याला एकच भेट ठेवू द्या, असं संस्थेला स्पष्ट सांगा. चार भेटींनंतर त्या रकान्यात काय काय आलंय ते वाचा आणि मग दर आठवड्याला जमेल का ते ठरवा.